दवाखान्याच्या नेटवर्कवर स्टॅटिक आयपी ठेवावेत की डीएचसीपी रिझर्व्हेशन करावं?

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे, पण इथे या कामातले बरेच लोक आहेत म्हणून धागा काढतोय.

मी एका ट्रस्टच्या दवाखान्यात आयटी बघतो. तालुक्याचं गाव, दोनशे खाटा. आयटी म्हणजे मी आणि हाताखाली एक मुलगा. आजवर सगळं नेटवर्क सपाट होतं, १९२.१६८.०.०/२२ हे एकच सबनेट (पत्त्यांचा पट्टा) आणि त्यातच बिलिंग, लॅब, कॅमेरे, डॉक्टरांचे फोन, सगळा गोपाळकाला. आता नवे स्विच आलेत आणि व्यवस्थापनाने ठरवलंय की कुठल्याही पोर्टला काहीही लावलं तरी आधी ओळख पटली पाहिजे, मगच नेटवर्क. म्हणजे संगणकांना ८०२.१एक्स (पोर्टवर ओळख तपासायची पद्धत) सर्टिफिकेटवर, आणि ज्यांना सर्टिफिकेट झेपत नाही त्यांना मॅक ॲड्रेसवर (यंत्राचा कारखान्यातला क्रमांक) प्रवेश, ज्याला मॅब म्हणतात.

अडचण अशी की प्रिंटर, हजेरीची मशीन, कॅमेरे, लॅबचे ॲनालायझर, सीटी, डिजिटल एक्सरे या सगळ्यांवर आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) हाताने टाकलेले, म्हणजे स्टॅटिक आहेत. त्यांची यादी एका एक्सेलमध्ये आहे, फाइलचं नाव 'आयपी लिस्ट फायनल नवीन (२)'. एका मजल्यावर चाचणी घेतली तर संगणक व्यवस्थित चालले, पण स्टॅटिकवाल्यांपैकी निम्मे मुके झाले. स्विचवर पोर्ट हिरवा, रेडियस (ओळख तपासणाऱ्या) सर्व्हरच्या नोंदीत प्रवेश मंजूर, आणि पिंग मात्र नाही.

स्विच बसवणारे म्हणतात, स्टॅटिक आहेत तसेच राहू द्या, आम्ही तपासण्या सैल करतो. आमचा मुलगा म्हणतो, सगळे डीएचसीपीवर (मागितल्यावर सर्व्हर पत्ता देतो ती पद्धत) टाकून रिझर्व्हेशन (ठरावीक यंत्राला ठरावीक पत्ता) करू. तुम्ही काय करता?

उपद्व्यापी

फाइलचं नाव वाचून गहिवरून आलं. आमच्याकडे (७) आहे, आणि (४) मधली माहिती बरोबर आहे.

वायरमन

मुलाचं ऐका. त्याला चहा पाजा.

निम्मे मुके का झाले ते सांगतो. नव्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग आणि त्यासोबत डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन चालू केलेलं असणार. स्नूपिंगमध्ये स्विच डीएचसीपीचं संभाषण ऐकतो आणि स्वतःपाशी एक तक्ता लिहून ठेवतो: कुठल्या पोर्टवर, कुठल्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), कुठल्या मॅकला कुठला आयपी मिळाला. नंतर कुणी एआरपीने (कुठला आयपी कुठल्या मॅकचा ते विचारायची-सांगायची पद्धत) 'हा आयपी माझा' असं ओरडलं की स्विच तो तक्ता बघतो. तक्त्यात नोंद नसेल तर ते पॅकेट फेकून देतो. स्टॅटिक यंत्र डीएचसीपीशी कधी बोललेलंच नाही, मग तक्त्यात येणार कुठून? म्हणून पोर्ट हिरवा, प्रवेश मंजूर, पण आवाज बंद. जे निम्मे चालले त्यांच्या व्हीलॅनवर किंवा अपलिंकवर तपासणी चालू नसेल, बघून घ्या.

'तपासण्या सैल करतो' याचा अर्थ त्या पोर्टला विश्वासू म्हणून घोषित करणार. म्हणजे उद्या कुणी सीटीची वायर काढून आपला लॅपटॉप लावला आणि गेटवेचा (सबनेटबाहेर जायच्या दाराचा) आयपी स्वतःला दिला, तर स्विच हूं की चूं करणार नाही. एवढे पैसे घालून स्विच घेतले ते कशासाठी मग?

रिझर्व्हेशनमध्ये यंत्र डीएचसीपीच मागतं, सर्व्हर त्याला दर वेळी तोच आयपी देतो, स्विचचा तक्ता आपोआप भरतो, आणि यादी एकाच जागी राहते. मी एका कॉलेजच्या कॅम्पसवर हेच करतो. पत्ता बदलायचा झाला तर सर्व्हरवर बदलायचा आणि यंत्र बंद-चालू करायचं, शिडी घेऊन कॅमेऱ्यापर्यंत जायची गरज नाही.

खटपट्या

वायरमन साहेबांचा आदर ठेवून असहमत. मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) आणि ड्राइव्ह (मोटरी चालवणारे) सगळे स्टॅटिक, आणि ते तसेच राहणार.

कारण सोपं आहे. वीज गेली आणि आली की पीएलसी काही सेकंदांत उभा राहतो. डीएचसीपी सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर, ते होस्टवर, होस्ट स्टोरेजची वाट बघतोय. तोवर बिचारी यंत्रं पत्ता मागून मागून थकतात. काही १६९.२५४ वर (पत्ता मिळाला नाही की यंत्र स्वतःच घेतं तो पट्टा) जाऊन बसतात, काही तर पुन्हा मागायचंच सोडून देतात. मग सुपरवायझर प्रत्येकाची वीज बंद-चालू करत फिरतो. दवाखान्यात आयसीयूचे मॉनिटर असं करायला लागले तर?

वायरमन

@खटपट्या, मुद्दा रास्त आहे, पण तो सर्व्हरच्या व्यवस्थेचा मुद्दा आहे. लीज (पत्ता वापरायची मुदत) आठ दिवसांची असेल (विंडोज सर्व्हरवर मुळात तेवढीच असते) तर यंत्र निम्म्या मुदतीला, म्हणजे चौथ्या दिवशी, नूतनीकरण मागतं. तेव्हा नाही जमलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत संपेपर्यंत त्याच सर्व्हरकडे मागत राहतं, आणि त्यानंतर जो कुणी सर्व्हर ऐकेल त्याला विचारतं. सर्व्हर रविवारभर बंद राहिला तरी चालू यंत्रांना पत्ताही लागत नाही. (इथे पत्ता शब्दावर कोटी नाही, ह.घ्या.)

खटपट्या

'चालू यंत्रांना' हेच तर म्हणतोय! बंद होऊन चालू झालेल्यांचं काय? विंडोज जुनी लीज डिस्कवर जपून ठेवतं. सर्व्हर सापडला नाही तरी गेटवे पिंग होतोय ना बघून जुन्याच पत्त्यावर काम सुरू करतं. स्वस्तातल्या एम्बेडेड यंत्राला ती अक्कल नसते. वीज गेली की त्याची पाटी कोरी.

डोकेबाज_आजोबा

मी बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागातून निवृत्त, आमच्या काळी टर्मिनलला पत्ता नव्हता, क्रमांक होता. तरी वाचून मला समजलं ते असं: स्टॅटिक म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, आणि रिझर्व्हेशन म्हणजे खिडकीवर तिकीट काढून कंडक्टरच्या चार्टात नाव असणं. रुमालवाल्याला आणि चार्टवाल्याला एकच सीट मिळाली की भांडण. बरोबर ना?

उपद्व्यापी

आजोबा, दंडवत. आणि आमच्या ऑफिसात रुमाल टाकून माणूस निवृत्त झालाय, रुमाल अजून सीटवर आहे.

जुई

आजोबा, अगदी बरोबर.

मी प्रवेश नियंत्रणाच्याच प्रकल्पांवर काम करते (बंगळूर). @सातारी_कंदी, तुमच्या मुक्या यंत्रांना आणखी एक कारण असू शकतं, ते वायरमन यांच्या प्रतिसादात आलेलं नाही.

मॅबमध्ये स्विचला यंत्राचा मॅक कळतो कधी? यंत्राने निदान एक पॅकेट पाठवलं तर. डीएचसीपीवालं यंत्र वायर जोडल्या जोडल्या 'मला पत्ता द्या' म्हणून बोंबलतं, त्यामुळे ओळख लगेच पटते. स्टॅटिकवाली काही यंत्रं मात्र कुणी विचारल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. लॅबचा ॲनालायझर, जुना प्रिंटर, दाराचा कंट्रोलर. पोर्ट अजून अनधिकृत, म्हणून बाहेरून त्याला कुणी विचारू शकत नाही. त्याला कुणी विचारत नाही म्हणून ते बोलत नाही. सकाळी चालत असतं, दुपारभर गप्प बसलं, स्विचने निष्क्रिय म्हणून सत्र संपवलं, आणि संध्याकाळी 'प्रिंटर परत गेला'.

यावर स्विचमध्ये एक सोय असते, पोर्टवरची बंदी एकाच दिशेने ठेवायची: यंत्राकडून आत येणारं अडवा, यंत्राकडे जाणारं सोडा. मुळात ती झोपलेले संगणक नेटवर्कवरून उठवण्यासाठी आहे, पण मुक्या यंत्रांनाही लागू पडते. नाहीतर दर काही मिनिटांनी गेटवेकडे पिंग पाठवायची सोय यंत्रात असेल तर ती चालू करायची.

दुसरं, प्रवेश नियंत्रणाची बरीचशी अक्कल डीएचसीपीवर चालते. यंत्र पत्ता मागताना सोबत कुठकुठली माहिती हवी त्याची एक यादी पाठवतं (ऑप्शन ५५). विंडोजची यादी वेगळी, प्रिंटरची वेगळी, फोनची वेगळी. त्यावरून सिस्टीम ओळखते की हे खरंच प्रिंटर दिसतंय की प्रिंटरचा मॅक चोरलेला लॅपटॉप. स्टॅटिक ठेवलंत की हा डोळा गेला.

आणि तिसरं, प्रवेशानुसार व्हीलॅन बदलणार असाल तर स्टॅटिक यंत्र कायमचं अडकतं. ओळख पटली नाही म्हणून स्विचने त्याला विलगीकरणाच्या व्हीलॅनमध्ये टाकलं, तर तिथे त्याचा आयपी, गेटवे सगळं चुकीचं. डीएचसीपीवालं यंत्र तिथला पत्ता घेतं आणि निदान दिसतं तरी. एकाच मॅकचं रिझर्व्हेशन दोन स्कोपमध्ये (सर्व्हरवरचे एकेका सबनेटचे पट्टे) वेगवेगळ्या पत्त्यांनी करता येतं, हे फार लोक वापरत नाहीत.

सातारी_कंदी

वायरमन, जुईताई, मनापासून आभार. आज तपासलं. स्नूपिंग आणि एआरपी तपासणी दोन्ही चालू होती, आणि लॅबचे दोन ॲनालायझर तर जुईताईंनी लिहिलंय तसेच वागत होते. पुढे होऊन हात लावला, एक नमुना चालवला की जागे होतात.

आता सीटी आणि एक्सरेबद्दल कुणी सांगेल का? त्यांच्या सेटिंगला हात लावायचा म्हणजे कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येणार.

क्ष-किरण

मी आले. मी पॅक्स सांभाळते, म्हणजे एक्सरे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा साठवणारा सर्व्हर.

आमच्या जगात आयपी हा फक्त पत्ता नसतो, तो ओळखीचा भाग असतो. डायकॉममध्ये (वैद्यकीय प्रतिमांच्या देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) प्रत्येक यंत्राला एई टायटल असतं, सोळा अक्षरांपर्यंतचं नाव. पॅक्सवर प्रत्येक एई टायटलपुढे आयपी आणि पोर्ट लिहिलेला असतो, आणि यंत्रावर पॅक्सचा. पोर्ट बहुधा १०४ किंवा १११२.. थांबा, ११११२.

यंत्रांचे आणि वर्कस्टेशनचे पत्ते बदलले की गंमत अशी होते: सीटीवरून प्रतिमा पाठवल्या जातात, पोचतातही. सगळे खूष. मग रेडिओलॉजिस्ट डॉक्टर आपल्या वर्कस्टेशनवरून जुना अभ्यास ओढायला जातात आणि काहीच येत नाही. कारण 'ओढणं' म्हणजे वर्कस्टेशन पॅक्सला सांगतं की 'अमुक एई टायटलला पाठव', आणि पॅक्स नवं कनेक्शन उघडतो ते आपल्या तक्त्यातल्या जुन्या आयपीवर. पाठवणं चालतं, मागवणं मरतं. आणि तक्रार येते ती 'सॉफ्टवेअर खराब आहे' अशी.

म्हणून मोठ्या यंत्रांवर माझं मत खटपट्यांच्या बाजूचं. सीटी, एमआरआय, कॅथलॅब: स्टॅटिक ठेवा, कंपनीचा इंजिनिअर तसंच मागतो, आणि वॉरंटीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण डायकॉम प्रिंटर, सीडी रोबो, व्ह्यूअरचे संगणक यांना रिझर्व्हेशन बिनधास्त.

वायरमन

@क्ष-किरण, मान्य. मग अशा यंत्रांसाठी दुहेरी बंदोबस्त. यंत्रावर स्टॅटिक, आणि डीएचसीपी सर्व्हरवरही त्याच मॅकला त्याच पत्त्याचं रिझर्व्हेशन. म्हणजे इंजिनिअरने सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि यंत्र डीएचसीपीवर आलं तरी तोच पत्ता मिळेल, आणि तो पत्ता दुसऱ्या कुणाला कधीच जाणार नाही. शिवाय स्विचवर त्या पोर्टसाठी मॅक, आयपी, व्हीलॅन अशी कायमची नोंद हाताने टाकायची. मग तपासणी सैल करावी लागत नाही. अशी पाच-सात यंत्रं असतील तेवढीच, जमतं.

परदेशी_पाटील

चांगली चर्चा. जर्मनीतून हजेरी लावतो, विद्यापीठाच्या नेटवर्कवर काम करतो. माझी भर दोन गोष्टींची.

सपाट १९२.१६८ सोडताच आहात तर १० च्या मोठ्या पट्ट्यात जा आणि व्हीलॅनचा क्रमांक तिसऱ्या आकड्यात ठेवा. १०.२०.४०.x दिसलं की व्हीलॅन ४०, लॅब. १९२.१६८.१ वर राहिलात तर दोन त्रास कायम: कितीतरी कॅमेरे आणि हजेरीची मशीन कारखान्यातून त्याच पट्ट्यातला पत्ता घेऊन येतात, आणि डॉक्टर घरून व्हीपीएनने आले की त्यांच्या घरच्या राउटरचं सबनेटही तेच निघतं.

पण १७२.१७ टाळा. डॉकर (सर्व्हरवर ॲप वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं की ते स्वतःसाठी मुळातच १७२.१७.०.०/१६ घेऊन बसतं. एके ठिकाणी प्रिंटर त्याच पट्ट्यात होते आणि नवा ॲप्लिकेशन सर्व्हर त्यांच्यापर्यंत पोचेना. फायरवॉलवाले, प्रिंटरवाले, ॲपवाले एकमेकांकडे बोट दाखवत होते. पॅकेट सर्व्हरच्या बाहेरच पडत नव्हतं.

भोचक_भवानी

मी यातली नाही, पण आमच्या ऑफिसात सांगितलं की फोनचा मॅक द्या, रजिस्टर करतो. दिला. दोन महिन्यांनी फोन बदललाही नाही तरी वायफाय बंद. आयटीवाला म्हणतो तुमचा मॅक बदलला. माझा कसा बदलेल?

जुई

@भोचक_भवानी, फोननेच बदलला. ॲन्ड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक वायफायला खरा मॅक न देता बनावट देतात, माग काढता येऊ नये म्हणून. नेटवर्क 'विसरून' पुन्हा जोडलं, किंवा सेटिंगमध्ये काही बदललं, की नवा बनावट मिळू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नाही, जागच्या जागी तयार केलेला आहे.

म्हणून @सातारी_कंदी, डॉक्टरांच्या फोनना रिझर्व्हेशन द्यायच्या भानगडीत पडू नका. त्यांना नाव-पासवर्ड किंवा सर्टिफिकेटवर आत घ्या आणि आयपी मिळेल तो मिळू द्या. रिझर्व्हेशन जे भिंतीला किंवा टेबलाला टेकलेलं असतं त्याला.

भोचक_भवानी

माझा फोन कायम टेबलालाच टेकलेला असतो. पण समजलं, धन्यवाद.

उपद्व्यापी

अवांतर: नावांचं काय करता? आमच्या पहिल्या साहेबांनी सर्व्हरना किल्ल्यांची नावं दिली होती. राजगड, तोरणा, प्रतापगड. साहेब गेले, नवे आले ते विदर्भातले, त्यांनी नद्या आणल्या. आता वैनगंगा राजगडाचा बॅकअप घेते आणि तोरणा दर महिन्याला पडतो.

डोकेबाज_आजोबा

तोरणा पहिल्यांदा घ्यायचा असतो, पाडायचा नसतो.

परदेशी_पाटील

हहपुवा. पण नावं ठेवाच, कारण माझा दुसरा मुद्दा राहिला होता तो हाच. प्रिंट सर्व्हरवर पोर्टमध्ये आयपी टाकू नका, डीएनएसमधलं (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) नाव टाका. उद्या प्रिंटर दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या व्हीलॅनमध्ये गेला तर एका ठिकाणी बदल. मात्र किल्ले-नद्या सर्व्हरपुरत्या ठीक. प्रिंटरला मजला-खोली-प्रकार असं कंटाळवाणं नावच द्या, रात्रपाळीच्या माणसाला उपयोगी पडतं.

खटपट्या

धागा किल्ल्यांवर जाण्याआधी एक टोचणारा प्रश्न. तुम्ही सगळे मॅकवर एवढा भरवसा टाकताय, तो मॅक प्रिंटरच्या मागे स्टिकरवर छापलेला असतो. वाचायचा, लॅपटॉपला लावायचा, झालं. मग रिझर्व्हेशन काय आणि मॅब काय, चोर आत.

जुई

अगदी खरं. मॅक हा पासवर्ड नाही. मॅबने आत आलेल्याला म्हणून अगदी चिंचोळी वाट द्यायची. प्रिंटर फक्त प्रिंट सर्व्हरशी बोलेल. सीटी फक्त पॅक्सशी आणि वर्कलिस्टच्या (तपासणीच्या रुग्णांची यादी) सर्व्हरशी. हजेरीचं मशीन फक्त हजेरीच्या सर्व्हरशी. इंटरनेट कुणालाच नाही. मॅक चोरून आत आलेल्याला मग फार तर हजेरी लावता येईल.

आणि इथे पक्क्या पत्त्याचा खरा फायदा दिसतो. हे नियम फायरवॉलवर आयपीने लिहावे लागतात. पत्ता हलला की नियम चुकीच्या माणसाला लागू.

क्ष-किरण

कंपनीच्या रिमोट सर्व्हिसची वाट ठेवायला विसरू नका हं. सीटीच्या कंपन्या बाहेरून जोडून तपासणी करतात. तेवढ्या एका पत्त्यापुरती ठेवा, आणि 'एनी' (कुठलाही पत्ता) लिहून मोकळं होऊ नका.

सातारी_कंदी

बरंच पुढे आलो. आता व्यवहारातले प्रश्न:

रिझर्व्हेशनचे पत्ते वाटपाच्या पट्ट्याच्या आत ठेवायचे की बाहेर? दोन जणांनी दोन सांगितलं. आणि एक्सेल सोडून काय वापरू?

वायरमन

दोघंही बरोबर, सर्व्हर कुठला त्यावर आहे. विंडोजच्या डीएचसीपीत रिझर्व्हेशन स्कोपमधलंच असतं आणि सर्व्हर ते दुसऱ्याला देत नाही. आयएससी या संस्थेच्या जुन्या डीएचसीपी सॉफ्टवेअरमध्ये मात्र पक्के पत्ते वाटपाच्या पट्ट्याबाहेर ठेवायचे, नाहीतर तोच पत्ता तो दुसऱ्यालाही देऊन बसतो. आणि तो वापरत असाल तर सोडा, त्याची देखभाल आयएससीने २०२२ मध्ये थांबवली, त्याच्या जागी त्यांचंच नवं सॉफ्टवेअर आहे, किया. छोट्या राउटरमधल्या डीएनएसमास्कला आतबाहेर दोन्ही चालतं, सबनेट तेच हवं.

माझी सवय: दर सबनेटमध्ये १ ते १९ नेटवर्कची यंत्रं, २० ते ९९ पक्के पत्ते, १०० पासून पुढे वाटप. सर्व्हर कुठलाही असो, माणसाला बघून कळतं.

खटपट्यांच्या विजेच्या मुद्द्यावर: विंडोज सर्व्हर २०१२ पासून दोन डीएचसीपी सर्व्हर जोडीने चालवता येतात. पण एक खोच आहे. लीज आपोआप दोन्हीकडे जातात, तुम्ही नव्याने टाकलेलं रिझर्व्हेशन जात नाही. ते टाकल्यावर स्कोप रेप्लिकेट करायचं बटण हाताने दाबावं लागतं. नाही दाबलं तर महिनोन् महिने सगळं छान चालतं, आणि ज्या दिवशी पहिला सर्व्हर पडतो त्या दिवशी दुसरा सगळ्यांना भलतेच पत्ते वाटतो.

परदेशी_पाटील

एक्सेलऐवजी नेटबॉक्स किंवा पीएचपीआयपॅम. दोन्ही फुकट. दोन माणसांच्या विभागाला पीएचपीआयपॅम पुरे, सुरू करायला सोपं.

पण जुनी यादी भरताना 'पिंग होत नाही म्हणजे रिकामा' असं धरू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही. गेटवेवरचा एआरपीचा तक्ता काही दिवस रोज उतरवून घ्या. जो पत्ता त्यात कधीच आला नाही तोच रिकामा. एकाच पत्त्यापुढे मॅक सारखा आलटून पालटून दिसला तर दोन रुमाल, आजोबांच्या भाषेत.

खटपट्या

बरं, मीही एक देतो, फक्त विरोध करतोय असं नको. यंत्र वारंवार बदलावं लागत असेल, म्हणजे एक बिघडलं की कपाटातून दुसरं लावायचं, तर मॅकवर रिझर्व्हेशन करू नका, पोर्टवर करा. स्विच डीएचसीपीच्या मागणीत आपला पोर्ट क्रमांक घालून पाठवू शकतो (ऑप्शन ८२). त्या पोर्टला जे लागेल त्याला तो पत्ता. रात्री दोन वाजता फिटरने ड्राइव्ह बदलला तर आयटीला उठवावं लागत नाही. आमच्या नव्या लाइनवर तसंच केलंय.

वायरमन

म्हणजे तुमच्या कारखान्यात डीएचसीपी चालतो तर!

खटपट्या

नव्या लाइनवर. जुनीला कुणी हात लावून दाखवावा.

जुई

@खटपट्या, आवडला उपाय. पण जिथे मॅब आहे तिथे नव्या ड्राइव्हचा मॅकही आधी रेडियसमध्ये घातलेला हवा, नाहीतर पत्ता मिळण्याआधीच दारात अडेल. सुट्या भागांचे मॅक कपाटात ठेवतानाच नोंदवायचे.

आणखी एक भूत, संगणक डीएचसीपीवर असूनही मध्येच 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' दाखवून १६९.२५४ वर गेले तर. प्रत्यक्षात टक्कर नसते. स्विच आपल्या यादीसाठी एआरपीने चौकशी करतो, प्रेषकाचा पत्ता ०.०.०.० ठेवून. विंडोजही जागं होताना नेमकी तशीच चौकशी करत असतं, म्हणून त्याला वाटतं दुसरा कुणीतरी हाच पत्ता मागतोय. स्विचची चौकशी दहा सेकंद उशिरा सुरू करायची सेटिंग असते, ती लावा.

डोकेबाज_आजोबा

एक शंका. एखाद्या पत्त्यावरून काही गैरप्रकार झाला आणि पोलीस किंवा कुणी विचारायला आलं की त्या दिवशी हा पत्ता कुणाचा होता, तर यंत्रणा सांगू शकते का? आमच्याकडे रजिस्टर असे.

वायरमन

आजोबा, लाखातला प्रश्न. सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत. डीएचसीपीची नोंद सांगते कुठला मॅक, रेडियसची सांगते कुठला पोर्ट आणि कुठलं नाव. दोन्ही वेळेने जुळवल्या की माणूस सापडतो. घड्याळं जुळलेली नसतील तर भलताच सापडतो. विंडोज डीएचसीपीची नोंद वारानुसार सात फायलींत फिरते, सोमवारची पुढच्या सोमवारी पुसली जाते, तेव्हा ती रोज बाहेर काढून ठेवायची व्यवस्था पहिल्या दिवसापासून करा.

सातारी_कंदी

मंडळी, असं ठरवलंय. सीटी, दोन्ही एक्सरे, आयसीयूचं सेंट्रल स्टेशन: यंत्रावर स्टॅटिक, सर्व्हरवर रिझर्व्हेशन, स्विचवर कायमची नोंद. बाकी सगळं, ॲनालायझरसकट, डीएचसीपी रिझर्व्हेशनवर. व्हीलॅनच्या क्रमांकाने १० चा पट्टा. फोनना काहीच पक्कं नाही. दुसरा डीएचसीपी सर्व्हर स्वतंत्र छोट्या डब्यावर, स्टोरेजवर अवलंबून नसलेला, आणि त्याला वेगळा यूपीएस, खटपट्यांचा मान राखून.

स्विचवाल्यांना कळवलं. ते म्हणाले, 'कायमच्या नोंदी टाकायचे वेगळे पैसे पडतील.' मुलगा म्हणाला मी टाकतो.

उपद्व्यापी

त्या मुलाला आमच्याकडे पाठवा. (७) त्याच्या हवाली करतो.

क्ष-किरण

शुभेच्छा. बदल रविवारी करा, आणि फक्त डायकॉमचं एको तपासून घरी जाऊ नका. एको म्हणजे नुसतं 'आहेस का?' 'आहे.' प्रत्येक वर्कस्टेशनवरून एक जुना अभ्यास ओढून बघा, सीटीवर वर्कलिस्ट उमटते का बघा, एक फिल्म छापून बघा. एई टायटलमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, तेही टाइप करताना सांभाळा.

सातारी_कंदी

रविवारी ओपीडी बंद असते, पण कॅज्युअल्टीसाठी सीटी चालू ठेवावा लागतो. एक्सरे आधी घेतो, सीटी पुण्याहून इंजिनिअरची तारीख मिळाली की.